हार्ड डिस्क मारायची कशी?

आमच्या घरात एका हार्ड डिस्कचा खून करायचं ठरलं होतं आणि त्या कटाची सूत्रधार मी होते.

एरवी आमचं घर अगदी शांत. मुलुंड पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत विज्ञान शिकवते. नवरा मिलिंद एका औषध कंपनीत हिशेब बघतो. सासरे, म्हणजे बाबा, बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही सकाळी बाथरूमच्या दाराशी कोणी रेंगाळलं तर ‘चला, पुढे सरका’ म्हणतात. आणि सासूबाई, म्हणजे आई. मूळच्या कराडकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच. आमची मुलगी तन्वी नोकरीसाठी पुण्यात असते, त्यामुळे या प्रकरणातून ती सहीसलामत सुटली.

तर झालं असं, की आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घर रिकामं करून भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं होतं आणि आमच्याकडे सामान होतं तीन घरांचं. म्हणून मी फर्मान काढलं, ‘दोन वर्षांत जे कोणी वापरलं नाही, ते बाहेर!’ या नियमाने मिलिंदची व्यायामाची सायकल पहिल्याच दिवशी गेली. (ती गेल्याचं मिलिंदच्या लक्षात आलं चौथ्या दिवशी. नियम किती योग्य होता बघा!)

मग नंबर लागला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा. तन्वी शाळेत असताना घेतलेला. त्याला आईंनी माझ्या जुन्या परकराचं, झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. त्या कव्हराखाली तो इतका गप्प असायचा, की पाहुणे त्याला शिवणयंत्र समजायचे.

“हा भंगारात,” मी म्हटलं.

तो सरळ भंगारात गेला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भूगोलाच्या देसाईबाईंनी डबा खाता खाता सांगितलं, की त्यांच्या मावसदिराने जुना कॉम्प्युटर असाच विकला आणि त्याचे गोव्यातले पोहतानाचे फोटो भलत्याच माणसाच्या हाती लागले. मावसदिराची आकृती मी पाहिलेली असल्यामुळे मला त्या भलत्या माणसाचीच दया आली. पण पुढे देसाईबाई म्हणाल्या, “फोटोंचं सोड गं. बँकेची माहिती पण असते त्यात!” आणि मी डबा झाकून ठेवला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांची पॅनकार्डं होती, आधार होतं, शिवाय मिलिंदने ‘पासवर्ड’ याच नावाची फाइल करून घरातले सगळे पासवर्ड एकाच जागी ठेवले होते. शोधणाऱ्याला त्रास नको म्हणून!

त्या संध्याकाळी मी कुटुंबाची बैठक बोलावली.

“डिलीट करून टाकू की,” मिलिंद म्हणाला.

“डिलीट केलेलं परत काढतात लोक! देसाईबाई सांगत होत्या.”

“देसाईबाई भूगोल शिकवतात ना?”

“म्हणून काय झालं? हार्ड डिस्कच नष्ट करायला पाहिजे. सगळं त्या डिस्कमध्ये असतं.”

इतका वेळ पेपरमागे असलेले बाबा एकदम बाहेर आले. “फोडून टाकायची,” ते म्हणाले.

“काय?”

“ती डिस्क. हातोड्यानं. चुरा करायचा! नामोनिशाण ठेवायचं नाही.”

मी बघतच राहिले. हा माणूस दुधाच्या पिशवीचं रबरबँडसुद्धा टाकू देत नाही. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत एवढी तडफ! या वयात माहितीच्या सुरक्षेची केवढी जाण, म्हणून मला भरूनच आलं.

आई खाली बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मारायची कशापायी? कुणाचं घोडं मारलंय तिनं?”

“आई, तुम्हाला नाही कळायचं. आत माहिती असते.”

“आसंल की. तिच्या पोटात हाय ती. कुणाला सांगाय गेलीय का ती?”

तीन विरुद्ध एक अशा बहुमताने डिस्कला देहदंडाची शिक्षा झाली.

शनिवारी मिलिंदने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ, पालीची अंडी आणि वायरींचं जंगल. मी सगळ्यात मोठ्या लोखंडी खोक्याकडे बोट दाखवून म्हटलं, “हीच हार्ड डिस्क.”

“तो पंखा आहे, सुजाता. आणि तिथून वीज येते.”

“हो, मला माहीत आहे. तुझी परीक्षा घेत होते.”

खरी डिस्क निघाली ती साबणदाणीएवढी चपटी, पण हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. मी पर्समधून नालाकृती चुंबक काढलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून सही करून आणलं होतं. डिस्क टेबलावर ठेवून मी त्यावरून चुंबक गोल गोल फिरवायला लागले.

आई जवळ येऊन उभ्या राहिल्या. “दिष्ट काढतीस व्हय गं तिची?”

“आई, चुंबकाने आतलं सगळं पुसलं जातं. शास्त्र आहे हे.”

मिलिंद मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. “सुजाता, इथं लिहिलंय की असल्या चुंबकाने काहीच होत नाही. डिस्कच्या पोटातच याच्यापेक्षा जबरदस्त चुंबक असतं म्हणे.”

मी फिरवायची थांबले. बाबांनी शांतपणे विचारलं, “शास्त्र झालं? आता हातोडा.”

हातोड्याचा मुहूर्त रविवारी सकाळचा. आईंनी शेवटचा प्रयत्न केला. “आज पुनव हाय. आजच्या दिशी तरी जीव घ्यायचा न्हाई.”

“आई, तिला जीव नाहीये!”

“मग जिवावर कशाला उठलायसा सगळी?”

आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करून कामाला लागलो. दिवाणखान्यात गोणपाटाची घडी अंथरली आणि डिस्क त्यावर ठेवली. तुकडा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून मी बाबांच्या डोक्यावर मिलिंदचं हेल्मेट चढवलं आणि काच खाली केली. बाबांनी हातोडा डोक्यावर नेला. काचेवर वाफ धरली. त्यांना काही दिसेना, पण ते सांगायला वेळ नव्हता, कारण हातोडा खाली यायला निघाला होता.

डिस्कला तो नुसता चाटून गेला. कोपऱ्यावर एक ओरखडा आला, डिस्क सर्रकन सोफ्याखाली गेली आणि हातोडा अख्ख्या वजनानिशी लादीवर बसला. असा आवाज झाला, की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. लादीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर! खालच्या मजल्यावरच्या शाहबेनची किंकाळी आली. त्यांच्या छताचा पोपडा बरोब्बर चहाच्या कपात पडला होता.

“अरे, तोडवा लाग्या! बिल्डर आवी गयो!”

झालं! महिनाअखेरीच्या नोटिशीमुळे सगळी इमारत आधीच कातावलेली. बिल्डरने माणसांसकट पाडायला सुरुवात केली असं वाटून सगळे मजले जिन्यावर आले. कोणी टीव्ही घेऊन, कोणी देवघर घेऊन, तर कोणी उकळत्या दुधाचं पातेलं घेऊन. सेक्रेटरी तावडेकाका अंघोळीतून तसेच आले होते. कमरेला पंचा, डोक्याला साबण आणि काखेत सोसायटीच्या कराराची फाइल.

“कोण आहे रे तिकडे? आधी बाहेरच्या घरांचं भाडं द्या, मग हात लावा!” ते ओरडत होते.

तेवढ्यात काय गोंधळ झाला ते बघायला बाबांनी दार उघडलं. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातात हातोडा.

जिन्यावरचे सगळे एकदम दोन पायऱ्या मागे सरकले.

तावडेकाकांनी डोळ्यातला साबण पुसला. “गायकवाड,” ते अतिशय दुखावल्या आवाजात म्हणाले, “तुम्ही बिल्डरचं काम घेतलंत?”

समजूत घालता घालता दुपार झाली. शेवटी तावडेकाकांनी नियम केला, ‘इमारत पडेपर्यंत इमारतीत कोणीही काहीही फोडायचं नाही.’ डिस्क मी सोफ्याखालून काढली, चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर. आता एकच शास्त्रीय उपाय उरला होता. मिठाचं पाणी! लोखंड गंजतं हे तर मी मुलांना दरवर्षी शिकवते. सोमवारी शाळेतून आले की डिस्क बुडवायची, असं ठरवून मी झोपले.

सोमवारी आले. गाऊन घातला. बादलीत पाणी घेतलं, पुडाभर मीठ ओतलं, ढवळलं. फळीवरचा डबा काढला.

डबा हलका होता. उघडला. रिकामा!

“बाबा! डिस्क कुठाय?”

बाबा पेपर टाकून धावत आले. “मी नाही हात लावला!”

“सकाळी भंगारवाला आला होता ना? काय काय नेलं त्याने?”

“मॉनिटर नेला, कीबोर्ड, जुना मिक्सर, पंखा. आणि एक पोतं.”

“पोत्यात काय होतं?”

“पोत्यात... पोत्यातलं होतं!”

गोवा नाही, पण आमच्या चौघांचं पॅनकार्ड, बँक आणि ‘पासवर्ड’ नावाची फाइल आता कुठल्यातरी टेम्पोतून मुंबई बघत फिरत होती.

आई मात्र शांतपणे म्हणाल्या, “गेली तर गेली की. दोन घास खाऊन घे आदी.”

“आई, जेवण सुचतंय कोणाला!”

कपडे बदलायला वेळ नव्हता. गाऊनवर मी खुंटीवरचा प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला, दिसतील त्या चपला घातल्या आणि जिना उतरले. मागून बाबा. “मी येतो. ती कोणाच्या हाती लागता कामा नये,” म्हणत. सासऱ्यांना आपल्या संसाराची एवढी काळजी, म्हणून मला परत भरून आलं.

भंगारवाल्याचं गोडाऊन भांडुपला. रिक्षात बाबांमधल्या कंडक्टरने ताबा घेतला. “पुढच्या स्टॉपला थांबू नको. सिग्नल सुटतोय, घे, घे! डबल दे!” बसची घंटा नव्हती म्हणून ते रिक्षाच्या दांडीवर आपली अंगठी टक-टक वाजवत होते. रिक्षावाला आधी बिचकला, मग त्यालाही चेव आला.

गोडाऊनच्या दारात जो माणूस होता त्याने माझा पांढरा कोट पाहिला आणि तो ताडकन उभा राहिला. “डॉक्टर मॅडम, इधर सब साफ है! कल ही पावडर मारा है!”

“हार्ड डिस्क कुठाय?” मी ओरडले.

“किसका?”

“आमची! मुलुंडची! सकाळची!”

त्याने हताशपणे मागच्या ढिगाकडे हात केला. ढीग म्हणजे काय, डोंगर होता. कीबोर्ड, वायरी, पंख्याची पाती, कोणाचीतरी फुटकी बाहुली. मी कोट सावरून त्यात घुसले. बाबा बाहेरून सूचना देत होते, “डावीकडे! जरा आत सरका!” बराच वेळ उपसाउपशी केल्यावर एका पोत्याखाली काहीतरी चपटं, चंदेरी लागलं. आणि त्यावर डिस्क असंच छापलेलं होतं!

“सापडली!”

“हीच का पण?” बाबांनी विचारलं.

“बाबा, मी विज्ञान शिकवते.”

त्या माणसाने ती आम्हाला तशीच देऊन टाकली. (मी तिथून जावं म्हणून त्याने मला गोडाऊनसुद्धा दिलं असतं.)

विजयी मुद्रेने आम्ही घरी आलो तर मिलिंद दारातच. माझ्या फोनांना कंटाळून तो ऑफिसातून लवकर निघाला होता. मी थेट बादलीकडे गेले. डिस्क पाण्यावर धरली.

“थांब, बघू,” मिलिंद म्हणाला. त्याने डिस्क हातात घेतली, उलटीपालटी केली. “ही कोणाची?”

“आपली.”

“आपली केवढी होती? ही तर निम्मी आहे. लॅपटॉपची आहे ही. आपल्याकडे लॅपटॉप कधी होता?”

“मला वाटलं...”

“काय वाटलं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “बाबांच्या हातोड्याने आकसली असेल असं वाटलं.”

मिलिंद खुर्चीवर बसला. मग उठला. मग परत बसला. आणि हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणीतरी माझ्या खासगी माहितीची चोरी करेल म्हणून मी धावले होते आणि भरदिवसा, शाळेचा कोट घालून, कुठल्यातरी परक्या माणसाची खासगी माहिती चोरून घरी आले होते! आता पोलीस आले तर? मी मिलिंदच्या हातातून डिस्क हिसकावली आणि पुरावा नष्ट करायला बादलीकडे धावले.

“थांब गं बाय!” आईंचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. “लोकाच्या चिजंला मिठात घालू नको. आपली हितं हाय.”

आई आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा गुडघ्याचा पट्टा होता, घट्ट गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा. पट्टा उलगडला तर आत आमची डिस्क. कोपऱ्यावर ओरखडा, बाकी ठणठणीत.

“तुम्ही घेतलीत?” मी विचारलं.

“मग काय करणार? तुमी समदी टपलायसा तिच्या मुळावर.”

“अगं पण का?” मिलिंद म्हणाला.

आईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, समोरची भिंत होती.

“इचार की ह्यांना,” आई म्हणाल्या. “एवढी घाई का झालीती फोडायची?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तन्वीने शाळेत असताना आजी-आजोबांना त्या कॉम्प्युटरवर एक खेळ शिकवला होता. रंगीत गोळ्यांचा. एका रंगाचे तीन जुळले की फुटतात. तन्वी पुण्याला गेली आणि आम्ही दोघं समजलो की कॉम्प्युटर बंद पडला. पण आम्ही कामावर गेल्यावर रोज दुपारी आई परकराचं कव्हर काढून घडी करून ठेवायच्या आणि खेळायला बसायच्या. आम्ही यायच्या आत कव्हर परत जागच्या जागी! बाबाही खेळायचे. खेळ सुरू करताना पडद्यावर आजवरच्या विजेत्याचं नाव यायचं. आणि तिथे नाव होतं आईंचं. बाबांनी जिवाचं रान केलं, पण त्यांना ते काही पुसता आलं नाही.

“आणि कट्ट्यावर काय सांगितलं हुतं?” आईंनी विचारलं.

बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले, “सांगितलं असेल काहीतरी.”

त्यांनी कट्ट्यावरच्या मित्रमंडळींना सांगितलं होतं की चँपियन ते स्वतः आहेत. त्यातले दोघे-तिघे ‘एकदा बघायला येतो’ म्हणत होते. माहितीच्या सुरक्षेची जाण कुठून आली होती ते मला आता कळलं. माझं दोनदा भरून आलेलं सगळं वाया गेलं!

मिलिंदला हसू आवरेना. “अगं आई, पण एवढ्यासाठी चोरी? बाबांना हरवलंस हे आम्हाला नुसतं सांगितलं असतंस तरी...”

“ह्यांना हरवलं त्याचं काय न्हाई रं,” आई म्हणाल्या. त्या डिस्क पट्ट्यात परत गुंडाळत होत्या. “घर ह्यांच्या नावावर. ग्यास ह्यांच्या नावावर, रेशनकार्डावर पयलं नाव ह्यांचं. दारावरच्या पाटीवर ह्यांचं नि तुझं. कुठंच काय म्हणणं न्हाई माझं, चालतंयच की. पर तितं माझं नाव वर येतंय. आन् ते म्या सोताच्या बोटानं लिवलंय. इंग्रजीत. एकेक अक्षर हुडकून.”

बादलीतलं मीठ हळूहळू तळाशी बसत होतं. बाबा खिडकीतून वळले आणि त्यांनी डोक्यावर हात फिरवला, जसं काही अजून हेल्मेट तिथेच होतं.

“चला,” ते म्हणाले. “दुकानात जाऊन बघू, चालते का अजून. माझा घाव बसलाय तिला.”

अशा रीतीने त्याच संध्याकाळी आमची वरात स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. मिलिंदच्या हातात उघडा कॅबिनेट, आईंच्या हातात गुडघ्याचा पट्टा, माझ्या हातात चोरीची डिस्क. दुकानदार परेशभाई गप्पिष्ट माणूस. त्यांनी आमची डिस्क जोडली. ती आधी कुरकुरली, मग घरघरली, मग फिरू लागली.

“चालू छे! बघू, फाइल उघडते का,” म्हणत त्यांनी पहिली दिसली ती फाइल उघडली.

पडद्यावर मी आले. दहा-बारा वर्षांपूर्वीची मी, सिल्कची साडी, चापूनचोपून घातलेली वेणी. सुपरवायझरच्या जागेसाठी शाळेत मुलाखत होती, तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर बसून इंग्रजीत सराव केला होता. ते रेकॉर्डिंग राहिलंय हे मी पार विसरले होते! दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. स्पीकर चांगल्या कंपनीचे होते.

“गुड मॉर्निंग, सर,” पडद्यावरची मी म्हणाली. “माय ग्रेटेस्ट क्वालिटी इज, आय नेव्हर पॅनिक.”

मिलिंदने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्या पायात आईंची.

“बंद करा ते,” मी क्षीण आवाजात म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या की जरा,” आई पडद्याजवळ सरकत म्हणाल्या. “किती ग्वाड बोलतीया इंग्रजी! सायबावानी.” त्यांनी कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसभरात माझ्याबद्दल कोणी बोललेलं ते एवढंच चांगलं वाक्य. मला त्या घोळक्यात रडू यायला लागलं, ते शरमेने की कशाने कोण जाणे.

मग परेशभाईंनी खेळ उघडला. टिंगटिंग वाजलं, रंगीत गोळे पडले आणि वर मोठ्या अक्षरात विजेत्याचं नाव आलं. मुक्ता. इंग्रजीत. त्यात टी दोनदा पडलेला, बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं असणार. पुढे भलीमोठी गुणसंख्या.

परेशभाई चकित झाले. “अरे बाप रे! एवढा स्कोअर! माझ्या मुलाचा पण नाय होत. कोणाचा हाय?”

बाबांनी घसा साफ केला. एक क्षणभर मला भीती वाटली. मुलुंड स्टेशनचा परिसर, एवढी गिऱ्हाइकं आणि समोर कट्ट्यावरचे एक मित्र मोबाइलची काच बदलून घ्यायला आलेले!

“आमच्या मिसेसचा,” बाबा म्हणाले. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, तिकीट-तिकीट म्हणायच्या जुन्या आवाजात. “मी तिच्या जवळपासपण पोचलो नाही.” आणि मग त्या मित्राकडे वळून, “काय? ऐकलंस ना? सांग सगळ्यांना.”

आई पदराने उगाचच कीबोर्ड पुसत होत्या. दुकानातला.

बाकीचं मग सोपं होतं. परेशभाईंनी सांगितलं की नुसतं डिलीट करून भागत नाही, जुन्यावर नवं काहीतरी भरभरून लिहावं लागतं. मग खालचं कोणाला वाचता येत नाही. त्यांनी आमची पॅनकार्डं, पासवर्ड आणि माझी मुलाखत तशी पक्की पुसून टाकली. (मुलाखत मी त्यांना तीनदा पुसायला लावली.) खेळ तेवढा ठेवला. परक्याची डिस्कही पुसायला दिली. परेशभाई सवयीने आतल्या फाइली उघडून बघायला लागले, तर आईंनी त्यांना झापलं, “बगू नगंस रं. लोकाच्या घरात डोकावू न्हाई.” एवढ्या साध्या शब्दांत मला ते देसाईबाईंना सांगता आलं नसतं. कोरी करून ती डिस्क मी भांडुपला परत नेऊन दिली. या वेळी साडी नेसून. त्या माणसाने मला ओळखलं नाही, तरी पण सवयीने म्हणाला, “पावडर मारा है, मॅडम.”

मॉनिटर आणि कीबोर्ड भंगारात गेले होते, त्यामुळे परेशभाईंकडून जुने दुसरे घ्यावे लागले. आमचा कॉम्प्युटर भाड्याच्या घरात टेम्पोने नाही, टॅक्सीने गेला, आईंच्या मांडीवर. तिथे बाबा आता रोज दुपारी आईंशेजारी स्टूल घेऊन बसतात. परवा अर्धा दिवस शाळा होती म्हणून लवकर आले तर दारातूनच ऐकू आलं. बाबा विचारत होते, “अगं, पण ते निळे आधी का फोडतेस?” आणि आई सांगत होत्या, “घाई करू नगा वं. तुमचं समदं घाईतच ऱ्हायलं.”

मी चपला काढल्या, आवाज न करता आत गेले आणि चहाला तीन कप पाणी ठेवलं.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत ई-कचऱ्यावर कार्यक्रम झाला. ‘जुन्या कॉम्प्युटरची सुरक्षित विल्हेवाट’ या विषयावर मुलांसमोर बोलायचं होतं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मुख्याध्यापकांनी अर्थातच मला उभं केलं. मी तासभर अस्खलित बोलले. चुंबकाचा उपयोग नाही, हातोडा धोक्याचा, मिठाच्या पाण्याच्या नादी लागू नका, माहिती नीट पुसा, मग ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. टाळ्या झाल्या. देसाईबाईंनी वहीत टिपून घेतलं. शेवटी पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उठली.

“बाई, तुम्ही स्वतः आजपर्यंत किती हार्ड डिस्कची विल्हेवाट लावलीत?”

मी चष्मा पुसला. पाणी प्यायले. मुख्याध्यापकांकडे बघून हसले.

“पुढचा प्रश्न,” मी म्हटलं.